बुडबुड्याची वाट

बुधवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी काकांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं, आणि सहा वाजून अकरा मिनिटांनी ‘अजून काहीच कसं होत नाही’ म्हणून त्यांचा जीव वरखाली व्हायला लागला.

डबा होता चोवीस लिटरचा, पांढरा, जाड प्लास्टिकचा. आतलं काही म्हणता काही दिसत नसे. त्यात वीस लिटर तपकिरी, गोडसर-कडसर पाणी होतं आणि त्या पाण्यावर यीस्टची एक पुडी भुरभुरलेली होती. काठाच्या खाली चार बोटांवर भोक पाडून प्लंबरने एक पारदर्शक नळी बसवून दिली होती. नळीचं दुसरं टोक शेजारच्या पाण्याने भरलेल्या बाटलीत बुडवलेलं. तत्त्व अगदी सोपं होतं. आत यीस्ट साखर खाणार, खाल्ल्यावर वायू सोडणार, वायू नळीतून निघणार आणि बाटलीतल्या पाण्यात बुडबुडा येणार. बुडबुडा आला म्हणजे बिअर आंबायला लागली. नाही आला म्हणजे घरात वीस लिटर काढा आहे.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. सकाळपासून त्यांच्या चारही मोठ्या पातेल्यांत हेच पाणी उकळत असल्यामुळे दुपारचं जेवण बाहेरून आलं होतं आणि रात्रीचंही येणार होतं. त्यांनी ‘झालं का एकदाचं’ असं विचारलं. झालं कसलं, आता तर सुरू होणार, असं म्हणून काका स्टूल घेऊन बाटलीसमोर बसले.

या वयात काकांना ही अवदसा का आठवली, असं कोणीही विचारेल. उत्तर एका शब्दात द्यायचं तर, व्याही.

लेकीचं लग्न ठरलं आणि मंडळी पहिल्यांदा तिच्या होणाऱ्या सासरी गेली, तेव्हा व्याह्यांनी स्वतः घरी केलेली बिअर पुढे केली. व्याही यंत्रांचे सुटे भाग विकत. देह मोठा, आवाज मोठा, आणि माहिती द्यायची हौस तर त्याहून मोठी. ग्लास हातात दिल्यावर पाऊण तास त्यांनी बिअर कशी करतात ते सांगितलं. काकांनी निमूट ऐकून घ्यायला हवं होतं. ऐकून घेणं हा तर त्यांचा पोटापाण्याचा धंदा. पण समोर लेक बसलेली, होणारे जावई बसलेले, आणि आपण नुसते नंदीबैलासारखे मान हलवतोय, हे त्यांच्या मनाला लागलं. ‘आम्हीही करतो की घरी,’ असं ते बोलून गेले. एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण उत्तरात एखादा आकडा घातला की समोरचा गप्प बसतो, ही एक गोष्ट नोकरीने त्यांना शिकवली होती. म्हणून त्यांनी जोडलं, ‘बारा वर्षं झाली.’

काकूंना ठसका लागला. लेक छताकडे बघायला लागली. व्याही मात्र गप्प बसले नाहीत. त्यांनी आनंदाने मांडीवर थाप मारली आणि मग तुमच्या हातची चाखायलाच हवी, पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सहकुटुंब येतो, असं जाहीर करून टाकलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पुढचे दोन आठवडे काकांनी व्याही विसरतील या आशेवर काढले. व्याही विसरले नाहीत. तेव्हा बिअरचं सामान विकणाऱ्या दुकानात जाऊन काकांनी विचारलं, तर दुकानदार म्हणाला, पिण्यालायक व्हायला तीन आठवडे तरी लागतील. हा दुकानदार म्हणजे सावकाश बोलणारा, सावकाश वळणारा, सुटे पैसेही सावकाश देणारा माणूस. आपल्याकडे चारच दिवस आहेत असं काकांनी सांगितल्यावर तो दाढी खाजवत बराच वेळ नुसता बघत राहिला.

तोड शेवटी काकूंनीच काढली. आधीची संपली म्हणायचं आणि नवी लावली आहे म्हणायचं. बारा वर्षं करणाऱ्याच्या घरी एखादा डबा चालू असणारच. फक्त तो चालू दिसला पाहिजे. अशा रीतीने काकांची अब्रू वीस लिटरवरून एका बुडबुड्यावर आली.

आता काकांच्या धंद्याविषयी. काका पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या टेबलावर होते, सव्वीस वर्षं. या सव्वीस वर्षांत त्यांनी लोकांना मुख्यतः एकच वाक्य सांगितलं होतं : आपल्या तक्रारीवर प्रक्रिया सुरू आहे. तोंडात ते इतकं बसलं होतं, की घरातला पंखा दुरुस्त करायचा राहिला तरी ते काकूंना तेच ऐकवत. त्यामुळे इमारतीत त्यांना प्रक्रियाकाका म्हणत. पाठीमागे, समोर नुसतं काका. आणि या वाक्याचा खरा अर्थ जगात कोणाला ठाऊक असेल तर तो काकांनाच होता. प्रक्रिया सुरू आहे म्हणजे काहीही सुरू नाही, आणि कागद कुठे आहे तेही आम्हाला सांगता येणार नाही.

गुरुवारी काकांनी रजा टाकली. सकाळी उठून बाटली बघितली. बाटली तळ्यासारखी शांत. दात घासून बघितली, चहा घेऊन बघितली. नाष्ट्यापर्यंत त्यांचा संयम संपला आणि त्यांनी झाकण उघडायचं ठरवलं. झाकण हाताने निघेना, तेव्हा काठाखाली स्क्रूड्रायव्हर घालून त्यांनी ते उचकटलं. आत कालचंच पाणी, कालसारखंच. काकांनी वास घेतला, झाकण ठोकून बसवलं आणि अर्ध्या तासाने, तेवढ्यात काही झालं असेल तर, म्हणून पुन्हा उचकटलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो असं म्हणतात. काकांनी त्या दिवशी अंगाला जागा शिल्लक ठेवली नाही.

दुपारी त्यांनी दुकानदाराला फोन केला. अठरा तास होऊन गेले आणि काहीच हालचाल नाही, अशी रीतसर तक्रार नोंदवली. दुकानदाराने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मधे दोनदा ‘बरं’ म्हणाला. मग म्हणाला, “काळजी करू नका. प्रक्रिया सुरू आहे. वाट बघा.”

काकांच्या हातात फोन तसाच राहिला. समोरच्या माणसाचा तो सूर, ते दोन ‘बरं’, मधला तो अचूक मोजलेला श्वास, सगळं त्यांच्या ओळखीचं होतं. इतकी वर्षं ते स्वतः असेच बोलत आले होते. म्हणजे आत काहीही चाललेलं नाही, हे त्यांना त्या क्षणी स्वच्छ कळलं. दुसरा कोणी असता तर दुकानदारावर विश्वास ठेवून झोपला असता. त्यासाठी मुळात माणूस तक्रारींच्या टेबलावर बसलेला नसावा लागतो.

त्यांनी तडक जाऊन यीस्टची दुसरी पुडी आणली आणि झाकण उचकटून आत टाकली. मग ती नीट पसरली का हे बघायला पुन्हा उचकटलं. संध्याकाळी दुकानदाराला परत फोन गेला तेव्हा, झाकण वारंवार उघडलं तर जंतू जातील आणि बिअरचं व्हिनेगर होईल, असं सांगून त्याने काकांकडून यापुढे झाकणाला हात न लावण्याचं वचन घेतलं. काकांनी वचन दिलं. स्क्रूड्रायव्हर काकूंनी काढून घेतला आणि कुठे ठेवला ते सांगितलं नाही.

तोवर इमारतीत बातमी फिरली होती. खालच्या मजल्यावर केमिस्ट्रीचे निवृत्त मास्तर राहत. ते वर आले, डब्याभोवती प्रदक्षिणा घातली आणि थंडीचे दिवस असल्यामुळे यीस्टला हुडहुडी भरली असणार, असं निदान केलं. यीस्ट हा जीव आहे, त्यालाही ऊब लागते, असं सांगून त्यांनी डब्याला दोन रजया गुंडाळायला लावल्या. खोलीतली सर्वांत उबदार जागा म्हणजे हॉलमधला सोफ्याशेजारचा कोपरा, म्हणून डबा तिथे हलवला. जाताना मास्तरांनी आवाज आणि धक्के टाळा असंही बजावलं, त्यामुळे टीव्ही बंद झाला आणि काका मोज्यांवर चालायला लागले.

आल्यागेल्याच्या नजरेसमोर रजईत गुंडाळलेलं धूड काकूंना सहन होईना. त्यांनी त्यावरून फुलाफुलांची चादर टाकली, ती खाली नेटकी खोचली आणि वर एक उशी ठेवून दिली. बाटली सोफ्याच्या मागे सरकवली. आता ते सगळं फर्निचरसारखं दिसायला लागलं. बुडबुडा बघायचा तर काकांना सोफ्यावर उलटं गुडघे टेकून पाठीवरून पलीकडे वाकावं लागे. दिवसातून साठ-सत्तर वेळा ते तसे वाकत.

शुक्रवारी सकाळी इमारतीचे सेक्रेटरी आले. त्यांच्या हातात नियमावली होती आणि तिच्यात बोट घातलेलं होतं. राहत्या जागेत दुर्गंधीजन्य कार्य करायचं तर कमिटीची परवानगी लागते, असं कलम त्यांनी वाचून दाखवलं. कलम काकांना मनापासून आवडलं. त्यांनी तिथल्या तिथे अर्ज लिहून तीन प्रती दिल्या, आणि सेक्रेटरींनी चार सभासद बोलावून जागेवर पाहणी केली. पाहणी म्हणजे पाचही जणांनी आळीपाळीने उशीवर नाक ठेवून हुंगलं. मग अहवाल तयार झाला. वास आढळला नाही, सबब परवानगी देण्यास हरकत नाही, मात्र लेखी परवानगी हाती पडेपर्यंत अर्जदाराने आंबण्याची क्रिया सुरू करू नये. खाली पाच सह्या आणि शिक्का. कमिटीची पुढची बैठक महिनाअखेरीस होती.

काकांनी अहवाल दोनदा वाचून कपाटात ठेवला. यीस्टला वाचता येत नाही हे त्यांना कळत होतं. तरी बाटली त्या दिवशी जरा जास्तच शांत आहे, असं त्यांना राहून राहून वाटत होतं.

रजा एकाच दिवसाची असल्यामुळे शुक्रवारी कचेरीत जाणं भाग होतं. टेबलासमोर नेहमीप्रमाणे रांग होती. तिसऱ्या नंबरला एक बाई आल्या. त्यांच्या घरचा नळ आठ महिने कोरडा होता. काकांनी सवयीने त्यांना प्रक्रिया सुरू आहे असं सांगितलं. बाई ‘बरं’ म्हणाल्या आणि जायला वळल्या. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. ही बाई घरी जाऊन नळासमोर स्टूल टाकून बसणार, तोंड धुऊन बघणार, चहा घेऊन बघणार, हे सगळं त्यांना लख्ख दिसलं. त्यांनी बाईंना थांबवलं, फिटरला हाक मारली आणि सोबत पाठवून दिलं. रस्त्यावरचा व्हॉल्व्ह बंद राहिला होता. तो उघडायला फिटरला चार मिनिटं लागली. बाईंचा फोन आला तेव्हा मागून पाणी पडल्याचा आवाज काकांना ऐकू येत होता. त्यांना आनंद झाला आणि त्याहून जास्त हेवा वाटला. कचेरीत मात्र घोटाळा झाला. तक्रारींच्या वहीत ‘काम झाले’ असा रकानाच नव्हता, त्यामुळे ती नोंद कुठे करायची यावर हेडक्लार्कने संध्याकाळपर्यंत डोकं धरलं.

शनिवार उजाडला तरी बाटली ढिम्म. व्याही यायला एक दिवस राहिला. झाकण उघडायचं नाही असं वचन दिलेलं, पण भोकाबद्दल कोणी काही बोललं नव्हतं. काकांनी यीस्टची तिसरी पुडी आणली. नळी उपसली, भोकात कागदाची पुंगळी बसवली, तिच्यात यीस्ट भरलं आणि जोर लावून फुंकलं. निम्मं आत गेलं. आतून कसला तरी दाब असावा तसं निम्मं उलट आलं आणि काकांच्या मिशांवर बसलं. हे का झालं असेल, याचा विचार त्यांनी त्या वेळी केला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण त्या वेळी ते शिंकत होते.

दुपारी सेक्रेटरी पुन्हा आले. सगळ्या जिन्यात बेकरीसारखा वास सुटला आहे, ताज्या पावासारखा, असं त्यांचं म्हणणं होतं. वास वाईट नाही, उलट भूक लागते, पण आहे. काकांनी त्यांना बसवलं, कपाट उघडलं आणि शुक्रवारचा अहवाल त्यांच्यासमोर धरला. “वास आढळला नाही,” ते म्हणाले. “तुमची सही आहे.” सेक्रेटरींनी सही पाहिली. एकदा हवेत नाक फिरवलं, पुन्हा कागद पाहिला. सही त्यांचीच होती. ते परत गेले. घरात तोच वास काकांच्याही नाकात चार दिशांनी शिरत होता. पण सही-शिक्क्याच्या कागदापुढे नाकाचं ऐकायचं, असल्या वळणाची काकांची नोकरी नव्हती.

काकू इतके दिवस शांत होत्या. आता त्यांनी सोफ्यावर उलट्या टेकलेल्या नवऱ्याच्या पाठीकडे बघत विचारलं, “अहो, उद्या खरं सांगून टाकलं तर काय होईल?”

काका सरळ झाले. ते म्हणाले, “तिच्या सासऱ्यासमोर तिचा बाप खोटारडा ठरेल. आयुष्यभर प्रत्येक सणासमारंभाला ते मला ग्लास देतील आणि हसतील. आणि ती तिथे उभी असेल.”

काकूही येऊन सोफ्यावर टेकल्या आणि पलीकडे वाकून बघायला लागल्या. लेक बाहेरून आली तेव्हा आईबाप शेजारी शेजारी, तिच्याकडे पाठ करून, सोफ्याच्या पाठीवर लोंबत होते. तिने ते दृश्य घटकाभर पाहिलं आणि आपणही जागा बघून टेकली. तिघं बराच वेळ तशीच होती. बुडबुडा आला नाही, पण इतका निवांत शनिवार त्या घरात कित्येक दिवसांत गेला नव्हता.

रविवारी मंडळी अकराला येणार होती. दहालाच आली. काका आत शर्टाची बटणं लावत होते. नवीन बेत असा ठरला होता, की बिअरचा विषय आपण काढायचाच नाही आणि त्यांनी काढला तर चहा आणायचा. हॉलमध्ये व्याह्यांचा आवाज घुमला. विहीणबाई सोफ्यावर बसल्या, त्यांच्याशेजारी जावई आणि लेक बसली. सोफा भरला. व्याह्यांनी जागेसाठी इकडेतिकडे पाहिलं. फुलाफुलांची चादर, वर उशी. किती आटोपशीर बैठक आहे, असं म्हणत ते त्यावर बसले.

नेमके त्याच वेळी काका बाहेर आले. व्याह्यांच्या खाली काहीतरी ‘कट्’ असं वाजलेलं त्यांनी ऐकलं.

विहीणबाई रस्त्यातल्या गर्दीविषयी सांगत होत्या. त्या श्वास घ्यायला थांबल्या आणि त्या शांततेत आवाज आला.

बुडुक.

लहानसाच आवाज. गोल, ओला आणि खालून आलेला. सगळ्यांनी सुसंस्कृतपणे वेगवेगळ्या दिशांना पाहिलं. विहीणबाईंनी गर्दीचा विषय तातडीने पुढे सुरू केला. तेवढ्यात पुन्हा आवाज झाला, बुडुक, आणि त्याच्या मागोमाग आणखी दोन. जावयांनी खिशातून फोन काढून त्यात डोकं घातलं. व्याह्यांचा चेहरा आधी गोंधळला, मग तांबडा झाला. ते अंदाज घेण्यासाठी किंचित उठले. आवाज थांबला. ते पुन्हा टेकले. आवाज सुरू झाला. याहून सज्जड पुरावा कोर्टातही मागत नाहीत.

विहीणबाई ओठ न हलवता ‘अहो’ म्हणाल्या.

“मी सकाळपासून काही खाल्लेलंसुद्धा नाही,” व्याही म्हणाले. आजवर कोणी ऐकला नसेल इतका बारीक त्यांचा आवाज होता.

आता इथे काकांच्या बाजूने विचार करून बघा. त्यांना काहीही करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. व्याही त्या दिवशी बिअरचंच काय, कशाचंही नाव काढणार नव्हते. पंधरा मिनिटांत काहीतरी काम आठवून निघाले असते आणि पुन्हा या घरात आवाज चढवून बोलले नसते. बारा वर्षांची थाप कायमची पचली असती. उलट पुढच्या प्रत्येक समारंभात मिशीतल्या मिशीत हसायचा हक्क काकांकडे आला असता. हे सगळं काकांच्या लक्षात आलं. सव्वीस वर्षं कचेरीत काढलेला माणूस, फायदा कुठे आहे हे त्याला दिसतंच.

पण त्यांना सोफ्याच्या आणि भिंतीच्या फटीतून बाटलीही दिसत होती. तिच्यात तळापासून वरपर्यंत मोत्यांची माळ लागली होती.

“आला!” काका ओरडले. “पहिला बुडबुडा आला! आयुष्यातला पहिला!”

ते धावत जाऊन सोफ्याच्या पाठीवरून, जावई आणि विहीणबाईंच्या मधून, मुंडी खाली घालून बाटलीत बघायला लागले. लेक उडी मारून शेजारी आली. आतून काकू भिजलेल्या हातांनी धावत आल्या. तिघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. व्याह्यांना काही कळेना. मग काकांनी एका दमात डबा, नळी, बाटली आणि व्याही यांचा परस्परसंबंध समजावून सांगितला, तेव्हा व्याह्यांच्या छातीवरून एवढं मोठं ओझं उतरलं की चादरीखालून एकदम सहा बुडबुडे निघाले. आता त्यांना त्याची लाज वाटली नाही. ते अभिमानाने चहूकडे बघायला लागले.

विहीणबाई मात्र हिशेबाच्या पक्क्या. “आयुष्यातला पहिला?” त्यांनी विचारलं. “त्या दिवशी तर बारा वर्षं झाली म्हणाला होतात.”

काकांनी एखादा आकडा शोधून पाहिला. एकही सापडला नाही. त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती बाटलीकडे बघून अजून हसत होती.

“नाही,” ते म्हणाले. “बुधवारपासून करतोय.”

व्याह्यांनी मान डोलावली. “ते मला त्याच दिवशी कळलं होतं.”

“कसं काय?”

“माझी त्या दिवशीची बिअर बिघडली होती हो. आंबट ढाण. घरात कोणी तोंड लावत नव्हतं. बारा वर्षं करणारा माणूस पहिल्या घोटाला बोलला असता. तुम्ही दोन ग्लास प्यायलात आणि वर छान आहे म्हणालात.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

व्याह्यांनी उशीवर जरा सावरून घेतलं. “माझी बिअर दोन ग्लास पिणारा माणूस पहिल्यांदाच भेटला होता,” ते म्हणाले. “त्याला कशाला दुखवायचं.”

मग त्यांनी झाकण कशाने उघडलंत, असं विचारलं. काकांनी स्क्रूड्रायव्हर म्हणून सांगितलं. किती वेळा, तर काका म्हणाले दोनदा आणि काकू म्हणाल्या नऊ वेळा. व्याह्यांनी खाली हात घालून काठ चाचपला. काठ वाकून गेला होता. सगळा वायू इतके दिवस तिथूनच निघून जात होता, नळीकडे फिरकतही नव्हता. बिअर गुरुवार रात्रीपासूनच सुरू झालेली असणार; फक्त ती कोणाला न सांगता चालली होती. त्यांच्या वजनाने झाकण आज पहिल्यांदा धड बसलं, इतकंच. इतक्या वर्षांत प्रक्रिया खरोखरच सुरू असल्याचं काकांच्या पाहण्यातलं हे पहिलं प्रकरण होतं, आणि नेमका त्याच्यावरच त्यांनी विश्वास ठेवला नव्हता.

खात्री करून घ्यायला व्याही उठले आणि काका बसले. काका पहिल्यापासून काडीपैलवान. बाटली शांत. काकू बसल्या, एक बुडबुडा आला आणि वाटेतच विरला. जावई आणि लेक दोघं मिळून बसली, तेव्हा डबा कलायला लागला. शेवटी व्याह्यांनी सगळ्यांना बाजूला सारलं, आपली जागा घेतली आणि माळ पुन्हा लागली. चहा त्यांना तिथेच दिला. जेवणाचं ताटही तिथेच आलं. जेवताना त्यांनी बिअर कशी करतात ते पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी काका समोर जमिनीवर बसून, वहीत लिहून घेत, मधे मधे बाटलीवर नजर ठेवून ऐकत होते.

तीन वाजता विहीणबाईंनी घड्याळ पाहिलं आणि आता निघायला हवं असं म्हटलं. व्याही गुडघ्यांवर हात ठेवून उठायला लागले. बाटलीतली माळ तुटली. काका जागेवरून ताडकन उठले.

“बसा हो, एवढी काय घाई आहे,” ते म्हणाले.

हे वाक्य काकांनी आयुष्यात हजारदा म्हटलं होतं, आणि पाहुणा खरंच बसला की दर वेळी मनातल्या मनात कपाळावर हात मारला होता. आज ते म्हणताना त्यांनी व्याह्यांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि त्यांना हलकेच, पण सगळा भार टाकून, खाली दाबलं.